माणूस मदतीला केव्हा धावतो?
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



वाटेत कोणी पडलेला दिसला की एक जण धावतो, दुसरा पाहून पुढे जातो. धावणारा दयाळू आणि जाणारा निर्दय, असा निवाडा लोक चटकन करतात. समाजमानसशास्त्र मात्र निराळे सांगते.

अमेरिकेत प्रिन्स्टन येथे डार्ली व बॅटसन यांनी धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला; तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला भाषणासाठी शेजारच्या इमारतीत धाडले. निम्म्यांचा विषय होता, जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या सज्जनाची बायबलमधील गोष्ट. वाटेतल्या दारात एक माणूस खोकत, कण्हत बसविला होता. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी त्याची विचारपूस केली. 'उशीर झाला' असे सांगितलेल्यांपैकी अवघ्या १० टक्क्यांनी. परोपकारावर बोलायला निघाल्याने विशेष फरक पडला नाही!

त्याआधी, १९६८ साली, न्यूयॉर्कच्या प्रयोगात डार्ली व लाताने यांनी विद्यार्थ्यांना फेफऱ्याचा झटका आलेल्याचा मुद्रित आवाज ऐकविला. ऐकणारे आपण एकटेच असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के झटका संपण्यापूर्वी धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्केच. न उठलेले निर्दय नव्हते. त्यांचे हात कापत होते, तळहातांना घाम फुटला होता. 'दुसरा कोणी जाईल' या विचाराने पाय अडले.

तिसरा अडसर भीतीचा. जखमीला उचलले तर चौकशीचा ससेमिरा मागे लागेल, असे वाटते. म्हणून २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास आता कायद्याचे संरक्षण आहे. हे घरोघर सांगावे.

तात्पर्य, दया बहुतेकांच्या पोटी असते. तिला सवड आणि हाक लागते. विहिरीत मूल पडले तर 'कोणीतरी धावा' एवढेच ओरडू नये. 'सदाभाऊ, दोर आणा! शांताक्का, डॉक्टरांना फोन करा!' अशी नाव घेऊन हाक द्यावी. या जीर्णोद्धारासाठीही कार्यकर्ते दारोदार गेले, नाव घेऊन बोलले, म्हणून हात पुढे आले. शहरात शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते. गावात ते लहान पोरालाही ठाऊक असते. हेच गावाचे खरे धन.

दर्शनाला येताना पायरीवर कोणी बसलेला दिसला, तर घटकाभर थांबून त्याची विचारपूस करावी. देव घाईत नसतो.