इंजिन कोणाचं?

संग्रहालयात जुनं वाफेचं इंजिन दिसलं की आपण आधी त्याची पाटी वाचतो. कारखाना, क्रमांक, साल, झालं समाधान. पण इंजिन राबायचं तेव्हा त्याचा बॉयलर बदलायचा, चाकं बदलायची, एकाचे दांडे दुसऱ्याला बसायचे. पाटीवर विसंबायचं ते किती?

म्हणूनच जाणकार इंजिनाची अंगलट पाहतो. लिव्हरपूलच्या एडवर्ड बरीचं इंजिन लांबूनच ओळखू येतं. फायरबॉक्सवर तांब्याने मढवलेला घुमट, आणि खालची चौकट पत्र्याची नव्हे, लोखंडी कांबींची. इंग्रज कारखानदारांना ही चौकट फारशी रुचली नाही, अमेरिकनांनी मात्र ती उचलली. १८४६ सालचं असं एक इंजिन यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. लाडाचं नाव 'कॉपरनॉब'. त्याच्या तांब्याला भोकं पडलेली दिसतात. ती कारखान्याची चूक नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ते बॅरो स्टेशनात मांडून ठेवलेलं असताना बॉम्ब पडले, त्यांच्या किरचांची आहेत.

स्टीफन्सनच्या 'रॉकेट'ची गंमत वेगळी. १८२९ मध्ये रेनहिलची इंजिनांची शर्यत जिंकली तेव्हा त्याचे सिलिंडर चांगलेच तिरपे होते. चित्रांत आपण तेच पाहतो. प्रत्यक्ष जपलेल्या 'रॉकेट'चे सिलिंडर जवळजवळ आडवे. पाहणाऱ्याला वाटावं, भलतंच इंजिन आणून ठेवलं! इंजिन तेच, पण लवकरच सुधारलेलं. मायकेल बेली आणि जॉन ग्लिथेरो या अभ्यासकांनी त्याचा भाग न् भाग तपासून कुठली दुरुस्ती कधीची, याचा छडा लावला.

याच बेलींनी पीटर डेव्हिडसन यांच्याबरोबर नॉर्थ शील्ड्सचं 'बिली' हे इंजिन तपासलं. ते १८२६ चं समजत. २०१८ मध्ये निष्कर्ष निघाला, १८१६ चं. एका फटक्यात दहा वर्षांनी म्हातारं झालं, आणि आज टिकून असलेल्या इंजिनांत वयाने तिसरं ठरलं. मला तरी हा शोध एखाद्या ताम्रपटाच्या वाचनाइतकाच मोलाचा वाटतो.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी नेणाऱ्या साहिब, सिंध, सुलतान या इंजिनांची नावं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ती लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीतली, हे मात्र कागदपत्रांवरूनच सांगायचं. हात लावून बघावं असं त्यांचं लोखंड उरलेलं नाही.