कागद कोणाच्या मेजावर ठेवावा?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास यांवर बोलणारे अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत. आयुष्य सरकारी फायलींत घालविलेल्या आमच्यासारख्याने त्या प्रांतात शिरू नये हेच बरे. म्हणून आम्ही विषय निवडला आहे तो रुक्ष, पण येथे बसलेल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाशी निगडित असा. गावाकडच्या घराचा, जमिनीचा किंवा सदनिकेचा व्यवहार करताना वकिलाच्या आणि जागेच्या दलालाच्या कचेरीत आपण जी खाजगी माहिती देतो, तिचे पुढे काय होते, हा तो विषय.

जो गावी राहतो तो स्वतः कचेरीत जातो, समोर बसतो, कागद दाखवितो आणि पिशवीत घालून परत आणतो. आपण दूर राहणारी माणसे. रजा मिळत नाही, मिळाली तर गाडीचे आरक्षण मिळत नाही. त्यामुळे आपण पोहोचण्याआधी आपले कागद पोहोचतात, आणि आपण परतल्यावरही ते तेथेच राहतात. आधारकार्ड, पॅन, वडिलांचा मृत्यूचा दाखला, बहिणीचे हक्कसोडपत्र, बँकेचे पासबुक, कुलमुखत्यारपत्र... एका घराच्या विक्रीत साऱ्या घराण्याची कुंडली परक्याच्या कपाटात जाऊन बसते.

आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील आमचे वडिलोपार्जित घर विकण्याचे आम्ही भावंडांनी ठरविले. तालुक्याच्या गावी एक कचेरी होती. पाटीवर वर 'कायदेविषयक सल्ला' आणि खाली 'जागा खरेदी-विक्री' असे लिहिलेले. एकाच छपराखाली दोन्ही कामे होतात, हे आम्हांस सोयीचे वाटले. मातोश्रींना चालवत नव्हते. दुय्यम निबंधकांनी घरी येऊन नोंदणी करावी म्हणून त्यांच्या प्रकृतीचा दाखलाही आम्ही पाठविला. आणि एक पत्र पाठविले. धाकट्या बंधूस धंद्यात खोट आली होती, देणेकरी दाराशी येत होते, म्हणून व्यवहार दोन महिन्यांत उरकावा, असे त्यात विश्वासाने लिहिले होते. पत्र वकीलसाहेबांच्या नावे होते, पण पाठविले ते कचेरीच्या सामाईक व्हॉट्सॲप क्रमांकावर.

पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक बोलणीस बसले. ठरत आलेल्या किमतीवरून ते एकदम खाली उतरले आणि बंधूंच्या देखत म्हणाले, "तुमच्याकडे घाई आहे असं ऐकलं. धाकट्यांची अडचण आहे म्हणे."

घर विकले गेले, आणि ते कमी किमतीस. परंतु पैशाचे दुःख आम्हांस राहिले नाही. आपली अडचण थोरल्या भावाने गावभर केली असे बंधूंच्या मनाने घेतले, आणि पुढे वर्षभर ते आमच्याशी बोलले नाहीत. मातोश्रींना या अबोल्याचे कारण कधीच सांगता आले नाही.

आम्ही वकीलसाहेबांना जाब विचारला. ते गृहस्थ सरळ होते. म्हणाले, "साहेब, पत्र आपण मला लिहिलंत, पण पाठवलंत ऑफिसच्या फोनवर. तो फोन पलीकडच्या मेजावर असतो." पलीकडच्या मेजावर दलाली पाहणारे भागीदार बसत. जन्मभर फायलींवर 'गोपनीय' असा शिक्का मारणाऱ्या आम्हांस स्वतःच्या घरच्या पत्रावर तो मारण्याचे सुचले नव्हते!

या दोन मेजांतील भेद कायद्याने फार जुना आहे. वकिलाने वकील या नात्याने कळलेली गोष्ट अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून उघड करू नये, असे १८७२ च्या पुरावा कायद्याने सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी त्याच्या १३२ व्या कलमात हे बंधन कायम आहे. ते वकिलाच्या कारकुनासही लागू आहे, आणि काम संपल्यावरही सुटत नाही. बेकायदा हेतूने केलेली मसलत मात्र त्याच्या आड लपू शकत नाही. हे संरक्षण वकिलाच्या नात्यास आहे, इमारतीस नाही. दलालास २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाखाली नोंदणी करावी लागते, हिशेब ठेवावा लागतो. पण वकिली गुपिताचे हे कवच त्याला नाही. वकिलाने स्वतः व्यापारधंदा करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे, तेव्हा पाटी एक असली तरी कायद्याच्या दृष्टीने मेजे दोनच.

मग सारेच लपवावे काय? तसेही नाही. आमच्या मते घराच्या व्यवहारातील माहितीचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग उघड्या माहितीचा. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या ५७ व्या कलमाप्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पहिले पुस्तक व त्याची सूची कोणालाही शुल्क भरून पाहता येते. हे योग्यच आहे. एकच घर दोघांना विकले जाऊ नये, म्हणून ही नोंद उघडी असते. मृत्युपत्राचे तसे नाही. नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल, करणारा हयात असेतो, त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. उघड्या दस्तालाही धोका असतोच. २०१८ साली तेलंगणात नोंदलेल्या दस्तांवरील अंगठ्याच्या ठशांच्या रबरी प्रतिकृती करून सिमकार्डे चालू केल्याचे प्रकरण उघडकीस आले. म्हणून आधारमधील बोटांचे ठसे कुलूपबंद करण्याची जी सोय आहे, ती ज्येष्ठांनी मुलानातवंडांकडून अवश्य करून घ्यावी.

दुसरा ढीग कामापुरत्या माहितीचा. पॅन मागतात त्यास कारण असते. पन्नास लाख वा त्याहून अधिक किमतीच्या घराच्या खरेदीत खरेदीदाराला एक टक्का कर कापून विक्रेत्याच्या पॅनवर भरावा लागतो. पण नुसते घर पाहावयास गेलेल्या माणसाकडे दलालाने आधारची प्रत का मागावी? तेथे, द्यावीच लागली तर, शेवटचे चार अंक तेवढे दिसणारी प्रत द्यावी. प्रत्येक छायाप्रतीवर आडवी रेघ ओढून 'अमुक व्यवहारापुरती' असे लिहावे, तारीख घालून सही करावी. कोऱ्या कागदावर मात्र सही कधीही करू नये, मागणारा सख्खा मेहुणा असला तरी.

तिसरा ढीग मनातल्या गोष्टींचा. कर्ज, आजार, भावांतील बेबनाव, मोडलेला संसार आणि विकण्याची घाई. हा ढीग फक्त वकिलाचा. तो समक्ष सांगावा, नाहीतर त्यांच्या स्वतःच्या क्रमांकावर फोन करून सांगावा. लिहावेच लागले तर बंद लिफाफ्यात, त्यांच्या नावे.

नव्या कायद्याविषयी थोडे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कचेऱ्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हाव्यात असे त्यांत ठरले. माहिती कशासाठी हवी हे आधी सांगावे, त्याच कामासाठी वापरावी, काम संपल्यावर आणि दुसऱ्या कायद्याने ठेवणे भाग नसेल तर पुसून टाकावी, हा त्याचा गाभा. सुरक्षिततेत हयगय केल्यास दोनशे पन्नास कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. दोरीने बांधलेल्या कागदी गठ्ठ्याला तो लागत नाही, त्या गठ्ठ्याचे छायाचित्र संगणकात गेले की लागतो. आणि कायदेशीर हक्क बजावण्यासाठी आवश्यक असलेल्या कामात पुष्कळशा अटी सैल केल्या आहेत. तेथेही माहिती सुरक्षित राखण्याचे कर्तव्य मात्र सुटत नाही.

म्हणून कचेरीची पायरी चढताना चार प्रश्न विचारावेत. हे कागद कोण पाहणार? कोठे राहणार? काम झाल्यावर परत कधी मिळणार? फोनमधील प्रती कोण पुसणार? विचारण्यात संकोच नको. चांगल्या वकिलास अशा प्रश्नांचा राग येत नाही. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असेही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे. तेव्हा फीचा हिशेब वेगळा आणि कागद वेगळे.

शेवटी घरचा आहेर. आपल्या मंडळाच्या कपाटातही सभासदांची नोंदवही आहे आणि वधूवर-सूचक मंडळाची वही आहे. तींत मुलामुलींच्या जन्मवेळा, पगार, क्वचित घटस्फोटाचीही नोंद. ती वही कोण चाळतो, लग्न ठरल्यावर ते पान काढले जाते काय, हे कार्यकारिणीने या वर्षी पाहावे, अशी आमची नम्र सूचना आहे. परमुलखात पन्नास वर्षे आपण एकमेकांच्या विश्वासावर उभे आहोत. तो विश्वास कपाटाच्या किल्लीपर्यंत पोहोचला पाहिजे.

बंधू आता पुन्हा बोलू लागले आहेत. गेल्या गणपतीत ते आमच्याकडे आले होते. जेवताना हसत म्हणाले, "दादा, आता काही लिहायचं झालं तर आधी मला दाखव." आम्ही ते मान्य केले आहे.