‘ढ’ कोणाला म्हणावे?

आपल्या वर्णमालेत एक अक्षर फार बदनाम आहे. ते म्हणजे ‘ढ’. ज्याला गणित येत नाही तो मुलगा ‘ढ’. पाठ केलेली कविता जी ऐन वेळी विसरते ती मुलगी ‘ढ’. या बिचाऱ्या अक्षराचीच निवड का व्हावी? जुनी मंडळी याचे एक मजेदार कारण सांगतात. अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत येताना बहुतेक अक्षरांची रूपे ओळखू येणार नाहीत इतकी पालटली. ‘ढ’ मात्र दोन हजारांहून अधिक वर्षे जवळजवळ होता तसाच बसून राहिला. इतकी वर्षे शाळेत काढूनही जो हलला नाही, तो ‘ढ’! हे कारण मुळातले असो की मागाहून जोडलेले असो, लक्षात मात्र ठेवा. शेवटी आपल्याला ते उपयोगी पडणार आहे.

दुसऱ्याने ‘ढ’ म्हटले तर माणूस रागावतो, भांडतो, निदान मनात तरी कुरकुरतो. पण हा शिक्का तो आपल्याच हाताने आपल्या कपाळावर मारून घेतो तेव्हा दाद कोणाकडे मागायची? अशी माणसे तुमच्या ओळखीची असतील. कदाचित तुम्हीही त्यांतलेच एक असाल. चारचौघांत एखादा विषय निघतो. सगळे भराभर बोलत असतात, माना डोलवत असतात. आपल्याला मात्र पहिलेच वाक्य नीट उमगलेले नसते. मग आपणही मान डोलावतो आणि घरी जाताना मनाशी म्हणतो, “आपलं डोकं काही चालत नाही बुवा!” या हिशेबात एक साधी चूक आहे. आपल्या डोक्यातला गोंधळ आपल्याला आतून दिसतो. दुसऱ्याची मात्र बाहेरची डोलणारी मान तेवढी दिसते. ती मानही आपल्यासारखीच डोलत नसेल कशावरून?

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो; तेव्हा डोलणाऱ्या माना हा माझा रोजचा अनुभव आहे. एका वर्षी शेवटच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्याकडे आला. “सर, मला हा विषय झेपत नाही. बदलून घ्यावा म्हणतो.” मी घाईत होतो. म्हटले, “असं अडतंय तरी काय?” तो चाचरत म्हणाला, “परवा आपण सांगितलंत, मागणी वाढली की किंमत वाढते. काल सांगितलंत, किंमत वाढली की मागणी घटते. मग मागणी वाढली की मागणी घटते, असं म्हणायचं का? सगळ्यांना कळलं, सर. मलाच कळलं नाही.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. बारा वर्षे मी ही दोन्ही वाक्ये लागोपाठच्या दिवशी वर्गात सांगत आलो होतो. ती एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. “उद्या सांगतो,” म्हणून वेळ मारून नेली. घरी पुस्तक घेऊन बसलो तेव्हा गाठ सापडली. ‘मागणी’ हा एकच शब्द मी दोन अर्थांनी वापरत होतो. कोणत्या किमतीला लोक किती माल घ्यायला तयार आहेत, ते सबंध कोष्टक म्हणजे एक मागणी. आणि त्या कोष्टकातला एका किमतीपुढचा आकडा म्हणजे दुसरी. समजा, सणासुदीला खोबऱ्याला गिऱ्हाईक वाढले. म्हणजे प्रत्येक किमतीपुढचा आकडा फुगला, सबंध कोष्टकच बदलले. म्हणून भाव चढला. भाव चढल्यावर काही गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला. पण तो त्या नव्या कोष्टकाच्या आतल्या आत. दोन्ही विधाने खरी, शब्द तेवढा फसवा.

दुसऱ्या दिवशी नाव न घेता मी तो प्रश्न वर्गापुढे मांडला आणि विचारले, “हा घोटाळा आणखी कोणाच्या मनात होता?” आधी एक हात वर झाला, मग दोन, मग बघता बघता अर्ध्याहून अधिक वर्ग. तो मुलगा शेवटच्या बाकावर होता. त्यामुळे ते सगळे हात त्याला दिसले. त्याने विषय बदलला नाही. मला खंत वाटते ती त्याच्या आधीच्या वर्षांची. आपण ‘ढ’ आहोत असे ठरवून किती जण मुकाट्याने निघून गेले असतील! त्यांनी मला विचारले नाही, आणि मीही “कळलं ना?” म्हणत पान उलटत गेलो.

तुम्ही म्हणाल, बुद्धी ही मोजण्याची वस्तू आहे. तिची कसोटी आहे, अंक आहे. खरे आहे. पण त्या कसोटीचा जन्म कशासाठी झाला तेही पाहा. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बीने आणि थिओडोर सिमाँ यांनी ती तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि वाढू न शकणारी असते, या मताला बीनेने १९०९ साली आपल्या पुस्तकात कडाडून विरोध केला. १९११ साली तो वारला. बुद्ध्यंकाची कल्पना त्यानंतरची, १९१२ सालची. पुढे अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९२१ साली अत्यंत बुद्धिमान मुले निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचे काम सुरू केले. या चाळणीतून जी मुले खाली पडली त्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ हे दोघे होते. दोघांनाही पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, एकाला १९५६ साली, दुसऱ्याला १९६८ साली. कसोट्या निरुपयोगी आहेत असे मला म्हणायचे नाही. शालेय यशाचा अंदाज त्यांवरून बऱ्यापैकी बांधता येतो. पण अंदाज वेगळा आणि निकाल वेगळा.

मग हुशारी म्हणजे काय? हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘होश’ म्हणजे भान. हुशार म्हणजे भानावर असलेला, जागा, सावध. भराभर उत्तरे देणारा, असा त्याचा मूळ अर्थच नाही.

या अर्थाने हुशार असा एक माणूस मला नेहमी आठवतो. चार्ल्स डार्विन. १८७६ साली, म्हणजे जगभर कीर्ती झाल्यावर, त्याने मुलाबाळांसाठी आत्मवृत्त लिहिले. त्यात तो सांगतो की, लहानपणी वडील आणि शिक्षक आपल्याला सामान्याहूनही थोडा कमीच समजत. आपली ग्रहणशक्ती चपळ नाही, स्मरणशक्ती भरवशाची नाही, अमूर्त विचारांची लांब साखळी आपल्याला पेलत नाही. हा खोटा विनय नव्हता. बीजगणिताने त्याला खरोखरच दमवले होते. पण पुढे तो आपली जमेची बाजूही तितक्याच शांतपणे मांडतो: इतरांच्या नजरेतून निसटणाऱ्या गोष्टी आपल्याला दिसतात आणि आपण त्या नेटाने न्याहाळतो.

या माणसाने आपल्या उणिवेचे काय केले? रडत बसला नाही. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट मनातून लवकर पुसली जाते, हे त्याने स्वतःच्या बाबतीत ओळखले होते. म्हणून अशी गोष्ट दिसली रे दिसली की ती लगेच टिपून ठेवायची, असा नियमच त्याने करून घेतला. गांडुळे जमीन कशी उलथतात हे पाहण्यासाठी १८४२ साली त्याने घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि १८७१ साली तिथे चर खणला. खडूचा थर सात इंच खाली गेलेला आढळला. एका प्रश्नासाठी एकोणतीस वर्षे थांबणाऱ्या माणसाला मंद म्हणायचे, तर खुशाल म्हणा!

आता पुन्हा त्या ‘ढ’कडे वळू. हळू चालणे हा त्याचा दोष नव्हे. मुळीच न बदलणे हा त्याचा दोष. तेव्हा ज्याला वेळ लागतो तो ‘ढ’ नव्हे. एकदा बनवलेले मत काही केल्या हलू देत नाही, तो ‘ढ’. आणि “मी ढ आहे” हेही एक मतच आहे, नाही का? तेही पुराव्याला लावून पाहायला हवे. पुढच्या वेळी काही उमगले नाही, तर “मला काही कळत नाही” एवढ्यावर थांबू नका. नेमके कोणते वाक्य कळले नाही ते कागदावर लिहा, आणि कोणाला तरी विचारा. विचारल्यावर जरा मागे वळून पाहा. किती हात वर होतात ते तुम्हालाही दिसेल.