परप्रांतातील वास्तव्य आणि शासकीय परिभाषा

(होसकोटे येथे स्थलांतरित मराठी कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बंगळूरच्या पूर्वेस, कोलारच्या वाटेवर वसलेल्या होसकोटे या गावाच्या नावाचा अर्थ 'नवा कोट'. मराठी माणसाला हा मुलूख सर्वस्वी नवा नाही. सतराव्या शतकात आदिलशाहीने शहाजीराजांना दिलेल्या जहागिरीत बंगळूर, कोलार यांबरोबर होसकोटेही होते. आज येथील कारखानदारीमुळे अनेक मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावत आहेत. बाजारातील कानडी त्यांना काही महिन्यांत समजू लागते. कचेरीतील कानडी मात्र दीर्घकाळ परकीच राहते.

महाराष्ट्रातील सातबाऱ्यास कर्नाटकात 'पहाणी' म्हणतात. महसूल मंडळाच्या जागी 'होबळी' येते, बिनशेतीच्या जागी 'भूपरिवर्तन' आणि जिल्हा परिषदेच्या जागी 'जिल्हा पंचायत'. अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस विचारून घेतो. फसगत होते ती ओळखीच्या शब्दांमुळे.

'खाते' हा असाच एक शब्द. महाराष्ट्रात आठ-अ हा खातेदाराच्या नावावरील एकूण जमिनीचा उतारा असतो. कर्नाटकात घर वा भूखंडाचे 'खाते' ही स्थानिक संस्थेच्या दप्तरातील मालमत्ता-कर आकारणीची नोंद होय. ती आवश्यक असते. परंतु तिने मालकी सिद्ध होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत, पूर्वीच्या व्यवहारांचे दस्तऐवज आणि बोजाची माहिती देणारे 'ऋणभार प्रमाणपत्र' तपासावे लागते. तीच गोष्ट 'रेव्हेन्यू साइट' या शब्दाची. महसूल खात्याशी जोडलेले हे नाव ऐकून भूखंड सरकारमान्य असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात भूपरिवर्तन न झालेल्या शेतजमिनीवर पाडलेल्या भूखंडांना व्यवहारात हे नाव आहे. आयुष्यभराची पुंजी गुंतविणाऱ्या कुटुंबास या एका शब्दाचे अज्ञान फार महागात पडू शकते.

जातीच्या प्रमाणपत्राबाबतही गैरसमज आढळतो. राज्यघटनेच्या ३४१ व ३४२ या अनुच्छेदांनुसार अनुसूचित जाती व जमातींच्या याद्या राज्यनिहाय आहेत. स्थलांतर केलेल्या व्यक्तीस मूळ राज्यातील दर्जाच्या आधारे नव्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले. मुलांच्या प्रवेशाचा विचार करताना पालकांनी हे आधीच ध्यानी घेणे हिताचे ठरते.

मतदार यादीच्या संदर्भातील 'सामान्यतः रहिवासी' ही संज्ञा मात्र स्थलांतरितास बळ देणारी आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार केवळ घराची मालकी असल्याने कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. प्रत्यक्ष वास्तव्य महत्त्वाचे असते. म्हणून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगारासही येथे मतदार होता येते. नाव जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर नेण्यासाठी २०२२ पासून नमुना क्रमांक ८ वापरला जातो.

राज्यकारभारातील शब्द लोकांना कळावेत, ही जाणीव मराठी परंपरेत जुनीच आहे. शिवकालात सिद्ध झालेला 'राज्यव्यवहारकोश' तिचीच साक्ष देतो. होसकोट्यातील कुटुंबांनी कानडी-मराठी शासकीय शब्दांची छोटी यादी तयार करून शेजाऱ्यांत वाटली, आणि प्रत्येक शब्दापुढे केवळ प्रतिशब्द न देता 'या कागदाने काय सिद्ध होते व काय होत नाही' हे नोंदविले, तर नव्याने येणाऱ्याचे पुष्कळ नुकसान टळेल. परिभाषेचे ज्ञान ही केवळ विद्वानांची गरज नाही. सही करणाऱ्या प्रत्येक नागरिकाचे ते संरक्षण आहे.