रेषेचे शिक्षण



सुरतेच्या डिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची ही माणसे रेल्वेने येथे आली आणि यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांनी आपले संसार उभे केले. घरात अहिराणी आणि बाजारात गुजराती बोलणाऱ्या अशा कुटुंबातील एखादी मुलगी वहीच्या समासात चित्रे काढू लागली, की वडील काळजीत पडतात. चित्रांनी पोट भरेल काय, हा त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा खचितच नाही.

परंतु ज्या शहरात हा प्रश्न विचारला जातो, त्याचा व्यापारच नक्षीवर चालला आहे. साडी केवळ सुतावर खपत नाही. ती काठपदरावर, वेलबुट्टीवर आणि रंगसंगतीवर खपते. ती नक्षी कोणीतरी आधी कागदावर किंवा संगणकावर रेखाटलेली असते. दुसऱ्याची नक्षी उतरवून घेणे ही मजुरी होय. नवी नक्षी योजणे ही विद्या होय.

ही विद्या देणाऱ्या संस्था आपल्याला परक्या नाहीत. मुंबईचे सर जमशेटजी जिजीभाई कलाविद्यालय 1857 साली सुरू झाले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1950 साली ललितकला विभाग निघाला. इंदुरास जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे हे तेथील आरंभीच्या अध्यापकांपैकी होते. अहमदाबादेस 1961 साली राष्ट्रीय अभिकल्प संस्था आणि 1962 साली वास्तुकलेची शाळा निघाली.

तेथे शिकवतात तरी काय? प्रथम पाहावयास शिकवतात. चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने 1958 साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचा गौरव केला होता. तो हातात कसा बसतो, भरल्यावर त्याचा तोल कसा राहतो, पाणी ओतताना धार कशी पडते, या साऱ्याचा विचार त्या आकारात आहे. असे पाहता आले, की घर, वस्त्र, भांडे यांची रचना कळू लागते. मग आपण जे केले ते का केले, हे नेमक्या शब्दांत लिहावे लागते. म्हणूनच बडोद्यास कलेचा इतिहास व समीक्षा हे विषयही अभ्यासले जातात.

मार्ग सोपा नाही. वास्तुकलेच्या पदवीस पाच वर्षे लागतात. साहित्याचा खर्चही असतो. शिवाय त्या पदवीसाठी गणित लागते. दहावीनंतर मुलीने गणित सोडले, तर ते दार बहुधा तेथेच मिटते. ललितकलेला मात्र तशी अट सहसा नसते. यास्तव पालकांनी हा विचार बारावीच्या निकालानंतर नव्हे, दहावीच्या वर्षीच करावा.

बापाने मागावर कापड विणले. त्यावरील नक्षी लेकीने योजावी, यात घराण्याचा धंदा सुटत नाही, तो एक पायरी वर चढतो. तेव्हा वहीचा तो समास खोडण्यापूर्वी एकवार नीट पाहावा, एवढीच विनंती.