मेस्त्रींच्या घरातला चित्रकार



ग्रामीण कर्जबाजारीपणा मी वर्गात आयुष्यभर कोष्टके मांडून शिकवला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तोच विषय १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ या मूकपटातून निरक्षरालाही उमगेल असा मांडला.

१८९० मध्ये जन्मलेले बाबूराव मूळचे मेस्त्री. कलाशाळेत न जाता, चित्रकला व शिल्पकला त्यांनी घरच्या कारागिरीतून आत्मसात केली. आनंदरावांसमवेत रंगविलेल्या नाटकांच्या पडद्यांमुळे ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव झाले. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. तरी बाबूरावांनी कॅमेरा सिद्ध केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली.

पौराणिक चित्रपटांची चलती असताना, सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहरात मजुरी करणारा शेतकरी त्यांनी नायक केला. हाताने काम करणाऱ्याला विचार कुठला, असे मानणाऱ्या आम्हा पदवीधरांना याहून चोख उत्तर कोणते?

बाबूराव १९५४ मध्ये गेले. कर्जापायी जमीन जाणे मात्र थांबलेले नाही. शिबिरांत आकडे जरूर सांगा. पण ज्याची जमीन गेली, त्याचा चेहराही लोकांना दिसू द्या.