हट्ट, चॉकलेट आणि किडलेली दाढ

लोकलमध्ये, बसमध्ये, नाहीतर भांडी घासता घासता कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, 'आम्हाला कुठे मुलं आहेत?' नसतील. पण भाचा असेल, पुतणी असेल, शेजारचं पिल्लू असेल. आणि ते रडायला लागलं की खिशातून चॉकलेट काढणारे मामा-मावशी आपणच असतो ना? मग ऐका.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांची दोन वाक्यं जवळजवळ ठरलेली असतात. पहिलं, 'डॉक्टर, याचे दात फार किडलेत हो.' दुसरं, 'आणि हा इतका हट्टी आहे, काही म्हणजे काही ऐकत नाही.' त्यांना वाटतं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पण बऱ्याच घरांत हट्टामुळे दात किडतात आणि किडलेल्या दातांमुळे हट्ट वाढतो. हे चक्र कसं फिरतं आणि कुठे थांबवता येतं, ते आज सांगते.

दात किडतो म्हणजे काय होतं?

'कीड' या शब्दाने आपला घोटाळा केलाय. दातात किडा वगैरे काही नसतो. दातांवर जिवाणूंचा एक चिकट थर असतो. आपण गोड खाल्लं की हे जिवाणू त्या साखरेपासून आम्ल बनवतात. या थराचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातली खनिजं विरघळायला लागतात. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने हे मोजून दाखवलं. साखरेच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांत पीएच घसरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागू शकतो. तेवढ्या वेळात लाळ आम्ल धुऊन काढते, थोडी खनिजं दाताला परत देते.

म्हणजे गोड किती खाल्लं यापेक्षाही दिवसातून किती वेळा खाल्लं, हे महत्त्वाचं. जेवणाबरोबर एक अख्खा लाडू खाल्ला, तर दातावर एकदाच हल्ला. तोच लाडू दिवसभर चिमूट चिमूट भरवला, तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही.

हे आपल्याला ज्या प्रयोगातून ठामपणे कळलं, त्याची गोष्ट वाईट आहे. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं राहायची. १९४० च्या दशकात तिथे काहींना जेवणाबरोबर साखर दिली आणि काहींना दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफ्या. संमती कुणाचीच घेतली नाही. टॉफ्या खाणाऱ्यांचे दात सगळ्यात जास्त किडले. ज्यांना 'नको' म्हणता येत नव्हतं, त्यांच्या दातांची किंमत मोजून ही माहिती मिळालीय. निदान ती वाया तरी घालवू नये.

हट्टाकडून किडीकडे

आता हे आपल्या घराशी जोडून बघा. शांत मुलाला मधल्या वेळेत खाऊ कमी मिळतो, कारण त्याला गप्प करावं लागत नाही. चिडचिड्या, चळवळ्या मुलाला मात्र दुकानात लॉलीपॉप, अभ्यासाला बसावं म्हणून चॉकलेट, पाहुण्यांसमोर शांत राहावं म्हणून बिस्किटांचा पुडा. जेवताना मोबाइल लावून दिला की घास गालात धरून अर्धा-अर्धा तास बसणार. रात्री ब्रश करताना रडारड झाली की, 'जाऊ दे, सकाळी घासू.' झोपत नाही म्हणून तोंडात दुधाची बाटली, आणि त्यात साखर. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्रीचं गोड सगळ्यात जास्त नडतं.

मी पालकांना दोष देत नाहीये. दिवसभर काम करून आलेली आई रात्री साडेदहाला कितीदा भांडणार?

काही मुलांचा प्रश्न हट्टाचा नसतोच. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये दात किडण्याचं प्रमाण जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय, सगळ्याच अभ्यासांत नाही. कारणं समजण्यासारखी आहेत. दोन मिनिटं एका जागी उभं राहून ब्रश करणं हेच त्यांना अवघड जातं. शिवाय एडीएचडीच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. स्वमग्न मुलांपैकी काहींना पेस्टचा फेस किंवा पुदिन्याची चव अक्षरशः सहन होत नाही. अशा मुलाला 'नाटकं करतोय' म्हणू नका. कमी फेसाची, सौम्य चवीची फ्लोराइड पेस्ट शोधा. आणि हो, औषध मनाने बंद करू नका. मुलाच्या डॉक्टरांशी बोला, पाणी वारंवार प्यायला द्या.

किडीकडून हट्टाकडे

आता चक्राची दुसरी बाजू. अडीच वर्षांचं मूल 'माझी दाढ ठणकतेय' असं सांगत नाही. ते चपाती थुंकतं, भात मागतं. एकाच बाजूने चावतं. रात्री रडत उठतं. नीट झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी बालवाडीत कुणालातरी चावतं. आपण म्हणतो, 'बिघडलाय.' मग शांत करायला काहीतरी मऊ आणि गोड देतो. म्हणजे दुखण्यावर पुन्हा साखर! दाढेवर उपचार झाल्यावर काही आठवड्यांनी 'आता जेवतो हो नीट, झोपतो पण' असं सांगणारे पालक मी पुष्कळ पाहिलेत. प्रत्येक हट्टामागे दाढ असते असं नाही, पण वागणं अचानक बदललं तर एकदा तोंडात डोकावून बघा.

आणि 'दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत' हे आजीचं वाक्य. पडणार आहेत, खरंय. पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. तोवर मुलाने चावायचं कशाने?

मग करायचं काय?

बक्षीस बदला. गोष्ट जास्त सांगा, स्टिकर द्या, खाली क्रिकेट खेळायला दहा मिनिटं वाढवून द्या. गोड बंद करू नका, जेवणाबरोबर द्या. मधल्या वेळेत फळ, शेंगदाणे (चार वर्षांखालच्यांना कूट करून), चणे, पाणी.

सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने करायचा. मुलाचं डोकं मांडीवर घ्या, नीट दिसतं. रात्रीचा ब्रश चुकवू नका, त्यानंतर फक्त पाणी. गोड सिरप द्यायचं असेल तर ब्रशच्या आधी.

पेस्टच्या पाकिटावर फ्लोराइड किती पीपीएम ते वाचा. १००० किंवा त्याहून जास्त हवं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.

महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असते. या टप्प्यावर ती बहुतेकदा थांबवता येते. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे, कुठलाही दात न पडता, एक नवी दाढ येते. ती कायमची असते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते, म्हणून तिच्याकडे खास लक्ष ठेवा.

डेंटिस्टची पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत. आणि कृपा करून, 'मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील' ही धमकी आजपासून बंद! मुलांसाठी आमची जुनी पद्धत आहे : सांगा, दाखवा, मग करा. आधी आरसा त्याच्या हातात, मग तोंडात. फार लहान किंवा फार घाबरलेल्या मुलाच्या दाढेला काही वेळा ड्रिल न लावता एक औषध नुसतं लावून कीड थांबवता येते. दात तिथे काळा पडतो, पण रडारड टळते. तुमच्या डॉक्टरांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडबद्दल विचारा.

आजच्यासाठी एवढंच. घरात एखादं 'फार हट्टी' मूल असेल, तर त्याच्या आई-बाबांना हा भाग पाठवा. आणि पुढच्या वेळी भाच्याला भेटायला जाल तेव्हा चॉकलेटऐवजी चेंडू न्या. भेटू पुढच्या भागात.